शेऱ्याचा रकाना

१

पुस्तकं बांधणारा बाइंडर गेला त्याला चार दिवस झाले होते आणि निकाल लागूनही गेला होता. एक नव्हे, दोन. अर्ध्या शहराच्या मते पोलिसाने एका साध्या कारागिराचा दिवसाढवळ्या खून केला होता. उरलेल्या अर्ध्या शहराच्या मते घरात बंदूक बाळगणाऱ्याला दुसरं कसलं मरण येणार. चौकशीसाठी नेमलेलं नागरिकांचं मंडळ अजून बसायचंच होतं, पण तेवढी कळ काढायला वेळ कोणाला होता?

बंदूकवालीने दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या होत्या. शहरात बंदुका दुरुस्त करायचं दुकान एकच, तिच्या वडिलांनी काढलेलं, आणि बाइंडरची दुनळी बंदूक दर वर्षी तिच्याच टेबलावर तेल प्यायला यायची. बाइंडरच्या दुकानात दिवसभर खळ शिजायची. त्या वाफेने लोखंडाला आठवड्यात गंज चढायचा. म्हणून त्याच्याच सांगण्यावरून ती तेल दिल्यावर दोन्ही नळ्यांच्या तोंडातून बोटभर आत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बुचं ठोकून बसवायची. दर वर्षी नव्या रंगाची, म्हणजे तेल कोणत्या सालचं ते लगेच कळावं. असले लाड ती फक्त जुन्या गिऱ्हाइकांचे करायची.

पहिल्या दिवशी कोणीतरी तिच्या शटरवर 'खुनी' लिहून गेलं. दुसऱ्या दिवशी बंदुकीचे परवाने असलेली दोन गिऱ्हाइकं येऊन बजावून गेली की चौकशीत तोंड सांभाळून बोल, नाहीतर आम्हा सगळ्यांचेच परवाने जातील. तिने शटर पुसलं नाही आणि त्या दोघांना बसाही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी हवालदार आले.

"पोरी, तुझं रजिस्टर काढ."

पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. वडील अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या पायाशी बसणारा हाच. शहरातल्या प्रत्येक परवान्याच्या बंदुकीची वर्षातून एकदा घरी जाऊन नंबर ताडून तपासणी करायची, हे काम वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. कोणाची बंदूक कुठल्या कपाटात आहे हे त्यांना स्वतःच्या चपलांइतकं ठाऊक होतं.

तिने बाइंडरचं पान काढलं. हवालदारांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"लिही. जप्त. मालकाने पोलिसांवर रोखलेली."

"मंडळाने ठरवलं का तसं?"

"ठरेल की. मी तिथे होतो ना."

"मग ठरल्यावर लिहीन, काका."

हवालदारांचा चेहरा पडला. "माझ्या शब्दावर भरवसा नाही तुझा?"

"तुमच्या शब्दावर आहे. पण बाबांनी हे रजिस्टर माझ्या हातात दिलं तेव्हा एकच गोष्ट सांगितली होती. स्वतः पाहिलेलं लिहायचं, ऐकलेलं नाही. तुम्हीच साक्षीला होता."

ते उठले. दारात त्यांची आणि आत येणाऱ्या एका बाईची गाठ पडली. हवालदारांनी मान खाली घालून तिला वाट दिली.

ती बाइंडरची धाकटी बहीण होती. भावाच्या दुकानातली पुस्तकं शिवायचं काम तीच करायची. बोटांना सुईचे घट्टे पडलेले. ती खुर्चीवर बसलीही नाही.

"उद्या मंडळासमोर तुम्हाला बंदूक दाखवणार आहेत म्हणे," ती म्हणाली. "एवढंच बघा की तिला खळ लागलीय का. कारण त्या वेळी दादाचे दोन्ही हात मनगटापर्यंत खळीत होते."

२

बहिणीने सांगितलं ते असं. त्या दिवशी नऊ वाजता ती शिवलेली पुस्तकं देऊन आली. वाचनालयाची चाळीस पुस्तकं होती, पुठ्ठे चिकटवून दाबाखाली ठेवायची. दाबाचा स्क्रू पिळायला हातभर लांब लोखंडी दांडा लागतो, प्रत्येक पिळ्याला काढून पुन्हा अडकवायचा. दादाने पहिली थप्पी लावली, दांडा अडकवला आणि म्हणाला, जा आता, दहा वाजेपर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नाही. साडेनऊला गोळी लागली.

"आणि बंदूक?"

"कपाटात, काडतुसांसकट. कपाटाची किल्ली एका पुस्तकात. पुस्तक म्हणजे नुसती पेटी, वरून पुस्तकासारखी बांधलेली. दादाची गंमत. ती मला ठाऊक, दादाला ठाऊक. झालं." ती थांबली. "तपासणीला येतात ते बघतात म्हणा, पण ते काय, पोलीसच."

बंदूकवालीने ऐकून घेतलं. मनात म्हणाली, बहीणच ती, भावाची बाजू घेणारच. हातात खळ असलेला माणूस हात पुसूही शकतो. पण तिला गप्प बसवेना. दुकान बंद करून ती थेट बाइंडरच्या शेजारच्या चष्म्याच्या दुकानात गेली, कारण पोलिसांना फोन तिथूनच गेला होता.

चष्मेवाला काचेची फडताळं पुसत होता. बाइंडरचं नाव काढताच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दोन वर्षं सांगत होतो त्याला. तो दाब पिळला की भिंत हादरते. माझ्या फ्रेमा खाली पडतात. त्या दिवशी पाच पडल्या. सांगायला गेलो तर म्हणाला, तुला काय करायचं ते कर."

"बंदूक दाखवली त्याने?"

चष्मेवाल्याचं फडकं थांबलं.

"माझ्याकडे बघून सांगा," ती म्हणाली. "इथे दुसरं कोणी नाही."

"नाही दाखवली," तो पुटपुटला. "पण आहे त्याच्याकडे, सगळ्यांना माहीत आहे. मागे दोनदा तक्रार केली होती मी, आवाजाची म्हणून. एकदा तीन तासांनी आले, एकदा आलेच नाहीत. या खेपेला म्हटलं, बंदूक घेऊन अंगावर आला. सहा मिनिटांत आले." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "मला कुठे ठाऊक होतं, ते येऊन काय करतील."

"दुकानात शिरलात का तुम्ही नंतर?"

"मी? फुटपाथवरून पाय हलला नाही माझा. सगळी गल्ली साक्षीला आहे."

तिला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. पण खोटं बोलणारा माणूस आणि गोळी झाडणारा माणूस एक नव्हता, आणि गोळी झाडणाऱ्याला भेटायचं अजून बाकी होतं.

३

बदली होऊन शहरात आलेल्या त्या शिपायाला तीन महिनेच झाले होते. त्याच्या घराची एक काच शाबूत नव्हती. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले होते. दार त्याच्या बायकोने उघडलं, तेही साखळी न काढता.

"वर्तमानपत्रवाल्या असाल तर जा."

"मी बंदूकवाली. माझ्याही शटरवर लिहून गेलेत, वहिनी."

साखळी निघाली.

शिपाई पलंगाच्या कडेवर बसला होता. दाढी वाढलेली. त्याने उशीखालून निवेदनाची प्रत काढून तिच्या हातात दिली, घड्या मोडून मोडून मऊ झालेली. त्यात लिहिलं होतं की बाइंडरने दुनळी बंदूक खांद्याला लावून रोखली, तेव्हा स्वसंरक्षणार्थ एक गोळी झाडली.

"अक्षर कोणाचं हे?"

"हवालदारसाहेबांचं. माझा हात थरथरत होता. मी खाली सही केली."

"आणि गोळी झाडली तेव्हा तुम्हाला काय दिसलं? निवेदनातलं नको. डोळ्यांना दिसलेलं सांगा."

त्याने कागद परत घेतला आणि त्याची घडी घातली. बायको दाराशी उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला.

"साहेब गाडीतच म्हणाले होते, आत बंदूक आहे, मला माहीत आहे, जपून. मी दार ढकललं. तो पाठमोरा होता. वळला. हातात लांब काहीतरी, लोखंडी, खांद्याच्या उंचीला. मग..." त्याने पुठ्ठा लावलेल्या खिडकीकडे पाहिलं. "मग मी बाहेर पळालो. अँब्युलन्सला फोन केला. पायरीवर बसून ओकत होतो, सगळ्यांनी पाहिलं. परत आत गेलो तेव्हा बंदूक त्याच्या हाताशी पडलेली होती. साहेब म्हणाले, बघ, वाचलास."

"मधे किती वेळ गेला?"

"पाचेक मिनिटं."

ती उठली तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. "ताई, बंदूकच होती ना ती? तुम्ही उद्या बघाल. सांगा ना, बंदूकच होती ना?"

तिला त्याची दया आली आणि त्याच क्षणी प्रचंड राग आला. एक माणूस मेला होता, आणि मारणारा अजून तिलाच विचारत होता की आपण काय पाहिलं.

"उद्या बघून सांगेन," ती म्हणाली. "आज नाही."

४

मंडळ वाचनालयाच्या वरच्या दालनात बसलं. पाच नागरिक. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका, जिच्यापुढे सरकारी वकीलही नकळत हात मागे बांधून उभा राहायचा. खाली रस्त्यावर दोन घोळके जमले होते. बंदूकवाली आत शिरताना एका घोळक्यातून कोणी ओरडलं, "आज खरं बोल," आणि दुसऱ्यातूनही नेमकं तेच. दोघांनाही आपापलं खरं हवं होतं.

"प्रश्न एकच आहे," वकील म्हणाला. "ही बंदूक चालू स्थितीत होती का? हो किंवा नाही."

"बघितल्याशिवाय?"

"तपासलेली आहे. दोन काडतुसं काढली, बंदूक मिटली, मोहोर लावली. तुम्ही फक्त दुजोरा द्या."

"मोहोर लावायला मला बोलवायचं होतं मग," ती म्हणाली. मुख्याध्यापिकांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यांनी खूण केली आणि बंदूक टेबलावर आली.

तिने आधी दस्ता पाहिला. अक्रोडाचं लाकूड, तिच्याच हाताची झळाळी. खळीचा ठिपका नाही. मंडळापुढच्या फोटोत बाइंडरचा तळहात पांढराफटक होता, खळ सुकून पापुद्रे धरलेला. मग तिने बंदूक बिजागरीपाशी मोडून उघडली, मागची बाजू रिकामी असल्याची खात्री केली, आणि उलटी फिरवून नळ्यांची तोंडं स्वतःच्या डोळ्यांसमोर आणली.

दालनात चुळबूळ झाली. मागच्या भिंतीशी उभ्या हवालदारांनी अर्धं पाऊल पुढे टाकलं.

"काय करताय?" वकील म्हणाला.

"जे चार दिवसांत कोणी केलं नाही ते. बंदुकीच्या नळीत समोरून डोकावत नाही कोणी. सगळे मागून काडतुसं काढतात आणि बंदूक मिटतात." तिने बंदूक मुख्याध्यापिकांकडे धरली. "बाई, जरा बघा. बोटभर आत."

मुख्याध्यापिकांनी चष्मा सारखा केला आणि वाकल्या.

"लाल काहीतरी दिसतंय."

"नमद्याची बुचं. गंज चढू नये म्हणून मीच बसवलेली, तीन महिन्यांपूर्वी. यंदाचा रंग लाल, गेल्या साली हिरवा होता. तेलाने फुगून घट्ट बसतात. आकड्याने उपसल्याशिवाय निघत नाहीत, आणि उपसली की भोकं पडतात. यांना भोक नाही. म्हणजे माझ्या टेबलावरून गेल्यापासून ही बुचं निघालेली नाहीत."

"म्हणून काय झालं?"

"असं बूच असताना घोडा ओढला तर नळी फुटते आणि झाडणाऱ्याचंच तोंड उडतं."

वकील सावरला. "मग झाडायची नसेल. नुसती धमकी द्यायला रोखली असेल."

"मग काडतुसं कशाला भरली?" ती म्हणाली. "नुसती धमकी द्यायची तर भरायची गरज नाही. आणि झाडायची तर आधी बुचं काढायची. भरली पण बुचं काढली नाहीत, असं एकच माणूस करेल, ज्याला ती आत आहेत हेच माहीत नाही. बाइंडरने तर ती स्वतः मागून घेतली होती. दर वर्षी विचारायचा, या खेपेला कोणता रंग."

पहिल्या रांगेत बहिणीने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरलं होतं.

"म्हणजे बंदूक दुसऱ्या कोणी भरली," मुख्याध्यापिका सावकाश म्हणाल्या. "कोणी?"

"ते मला इथे बसून सांगता येणार नाही. बाइंडरचं कपाट बघावं लागेल."

५

दुकानाला मोहोर लागली होती आणि किल्ली पहिल्या दिवसापासून मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये होती. वरून हुकूमच तसा आला होता. मंडळ, वकील, शिपाई, हवालदार, बहीण, सगळी वरात गल्लीतून चालत निघाली. दोन्ही घोळके मागे. चष्मेवाला दुकानाच्या दारात उभा होता. त्यांना पाहून तो आत वळला.

आत खळीचा आंबूस वास कोंडला होता. टेबलावर पातेल्यात खळ वाळून तडकली होती. मधोमध दाब, त्यात अर्धवट पिळलेली पुस्तकांची थप्पी.

"ताई," बंदूकवाली बहिणीला म्हणाली, "इथे काय नाही?"

बहिणीने एकवार नजर फिरवली. "दांडा. दाबाचा दांडा नाही. थप्पी अर्धी पिळलीय, म्हणजे दांडा इथेच असायला हवा."

"आणि कपाट?"

बहिणीने कपाटाची मूठ ओढली. उघडलं नाही. ती फळीपाशी गेली, सहावं पुस्तक उचललं आणि उघडलं. किल्ली जागच्या जागी होती.

बंदूकवाली हवालदारांकडे न बघता मंडळाशी बोलू लागली. तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तिने आवाज चढवला.

"पोलिसांवर बंदूक रोखायला निघालेला माणूस बंदूक काढेल, भरेल, आणि मग कपाटाला कुलूप लावून किल्ली पुस्तकात ठेवेल? एवढी टापटीप कोणाला सुचते? ज्याच्या हाताला ती सवय आहे त्याला. कपाट उघडायचं, बंदूक काढायची, नंबर बघायचा, कुलूप लावायचं, किल्ली जागेवर. वीस वर्षं, दर वर्षी. घाईत डोकं चालेनासं होतं, पण हात त्याच्या वळणानेच जातो. चष्मेवाले आत आले नाहीत. शिपाई पायरीवर बसले होते, सगळ्या गल्लीने पाहिलं. ताई घरी होत्या. आणि नव्या शिपायाला या पुस्तकाचं काय ठाऊक?"

"उघडा ते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

बहिणीने कुलूप काढलं. बंदुकीच्या जागी, तिच्याच खाचेत, हातभर लांब लोखंडी दांडा तिरका उभा होता. त्यावर पांढरी सुकलेली खळ, आणि खळीत चार बोटांचे स्पष्ट ठसे.

शिपायाच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हे. मग तो भिंतीला टेकला.

"हेच," तो म्हणाला. "हेच होतं त्याच्या हातात."

हवालदारांनी टोपी काढली. एकदम म्हातारे दिसले.

"मला वाटलं, नंतर येऊन काढून नेईन," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "मोहोर लागेल असं कुठे वाटलं होतं. मेलेला परत येत नव्हता, पोरी. जिवंत होता त्याला तरी लोकांच्या दगडांपासून वाचवावं म्हटलं."

"वाचवलंत का?" शिपाई म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "काचा बघितल्यात का माझ्या घराच्या? चार दिवस मी स्वतःला बजावतोय, बंदूक होती, बंदूक होती. मी दांड्यावर गोळी झाडली, साहेब. मी बघितलंच नव्हतं. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं."

"आणि बाइंडरचं काय?" बंदूकवाली हवालदारांना म्हणाली. आता तिने त्यांच्याकडे पाहिलं. "त्याचं नाव कोणाच्या हिशेबी नव्हतं का, काका? मेलेल्याला बोलता येत नाही म्हणून त्याच्या हाताशी काय वाटेल ते ठेवायचं? आणि वर माझ्याकडून लिहून घ्यायला आलात."

हवालदारांनी हातातली टोपी टेबलावर ठेवली.

६

बाहेर गल्ली गच्च भरली होती. दुकानाच्या पायरीवर ती आली तशी दोन्ही बाजूंनी एकच गलका उठला. पुढचा एक जण, गळ्याच्या शिरा ताणून, तिच्या तोंडाशी आला.

"दोषी कोण तेवढं सांग. एका शब्दात."

"एका शब्दात नाही सांगणार," ती म्हणाली. "फोनवर एक शब्द सांगितला गेला, गाडीत त्यावरच दुसऱ्याने माणसाला घाबरवलं, आणि आत जाणाऱ्याने दुसरं काही बघितलंच नाही. अशाने तो माणूस गेला. तुम्हालाही एकच शब्द हवा असेल तर त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

"म्हणजे तू पोलिसांची."

मागून दुसरा ओरडला, "बंदूकवाल्यांची आहे ती."

"शटरवर लिहिलंय तुम्ही, मी कोण ते. ते पुसणार नाही मी. पण शिपायाच्या घरावर आता एक जरी दगड पडला तर मारणाऱ्याविरुद्ध साक्ष मंडळापुढे मी देईन. काय घडलं ते मंडळ सांगेल, पूर्ण सांगेल, आणि तुम्ही ते पूर्ण ऐकाल. बाजूला व्हा, मला दुकान उघडायचंय."

ती पायरी उतरून सरळ गर्दीत शिरली. कोणी बाजूला होईना. मग बहीण तिच्या शेजारी येऊन चालू लागली आणि वाट झाली, कारण मेलेल्याच्या बहिणीला अडवायची कोणाची छाती नव्हती.

तीन आठवड्यांनी मंडळाचा अहवाल आला. शिपायाने न पाहता गोळी झाडली, त्यासाठी तो कोर्टापुढे उभा राहील. हवालदारांनी पुरावा रचला, त्यासाठी तेही. चष्मेवाल्याचा फोन शब्दशः छापला होता, आणि ज्यांनी काचा फोडल्या त्यांच्यासाठीही अहवालात एक अख्खं पान होतं. शहराला तो अहवाल मुळीच आवडला नाही. प्रत्येकाला त्यात आपल्या वाट्याचं काहीतरी सापडलं.

त्याच दुपारी बहीण बंदूक घेऊन दुकानात आली; पुराव्यासाठी बुचं आणि फोटो ठेवून घेऊन मंडळाने ती परत दिली होती. परवाना तिला नको होता, बंदूक इथेच जमा करायची होती. बंदूकवालीने रजिस्टर काढलं, बाइंडरचं पान उघडलं. शेऱ्याचा रकाना तसाच कोरा होता.

"काय लिहिणार?" बहिणीने विचारलं.

"तुम्ही सांगा."

"लिहा, मालकाने ही बंदूक कधीही कोणावर रोखली नाही."

बंदूकवालीने पेन उचललं आणि थांबली. तिला ते लिहायची फार इच्छा होती. त्या बाईला महिनाभर एवढ्यासाठीच अन्न गोड लागलं नव्हतं.

"कधीही, हे मी पाहिलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही तरी पाहिलंय का?"

बहिणीचा चेहरा तांबडा झाला. वाटलं, आता रजिस्टर हिसकावून घेते. पण ती भावाच्याच हाताखाली तयार झालेली होती, चुकलेला टाका उसवून पुन्हा घालणारी.

"नाही," ती म्हणाली. "मग जेवढं पाहिलं तेवढंच लिहा. पण शाईने लिहा."

बंदूकवालीने लिहिलं. बुचं शाबूत, दस्त्याला खळ नाही, खळीच्या बोटांचे ठसे दांड्यावर, हे मी पाहिलं; म्हणजे त्या सकाळी मालकाच्या हातात ही बंदूक नव्हती. खाली तारीख घातली, सही केली, आणि रजिस्टर फिरवून बहिणीपुढे धरलं. बहिणीने ते वाक्य दोनदा वाचलं, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि मग साक्षीदार म्हणून खाली स्वतःचं नाव लिहिलं.